यंत्र फरशी पुसेल, पण यंत्र कोण पुसणार?

पत्र, थोडक्यात: पिंपरी-चिंचवडमधल्या एका मैत्रिणीनं लिहिलंय. आठव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, चहूबाजूंनी बांधकामं, त्यामुळे सकाळी पुसलेली फरशी संध्याकाळी पायाला कचकचते. नवरा-बायको दोघंही आयटीत, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. मुलगा ९ वर्षांचा. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघे दुखतात. केर-फरशीला मावशी येतात, महिना १,८०० रुपये. पण महिन्यातून पाच-सहा दांड्या ठरलेल्या, आणि आता पगारही वाढवून मागितलाय. नवऱ्यानं ६८,००० रुपयांचा रोबो निवडून ठेवलाय: केर काढतो, फरशी पुसतो, कचरा स्वतः रिकामा करतो, फडकी स्वतः धुतो आणि वाळवतो. दिवाळीच्या सेलमध्ये घ्यायचा विचार आहे. सासूबाई म्हणतात, "ह्यानं कोपरे निघतात का? आणि मी अडखळून पडले म्हणजे?" मैत्रीण विचारते, "एवढी मॉडेलं, एवढे आकडे, डोकं गरगरतं. कोणता घेऊ? आणि घेतल्यावर मावशींना थांबवलं तर चालेल ना? तीन वर्षांत पैसे वसूल होतात. एकदा घेतला की फरशीकडे पुन्हा बघायला लागू नये, एवढंच हवंय."

---

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. फरशीकडे बघायला लागू नये ही इच्छा अगदी रास्त आहे. पण ती पुरी करणारं यंत्र अजून बाजारात आलेलं नाही, आणि हे तुम्हाला दुकानात कोणी सांगणार नाही. आज जे मिळतं त्यानं फरशीचं काम खरोखर कमी होतं, पण त्या जागी एक वेगळं, लहानसं, थोडं घाणेरडं काम येतं. ते काम काय आहे आणि तुमच्या घरात ते कोण करेल, हे आधी ठरवा. मॉडेल निवडणं त्यानंतर बरंच सोपं होतं.

"स्वतः साफ होणारा" म्हणतात त्या रोबोचा डॉक, म्हणजे तो परत येऊन उभा राहतो ते स्टेशन, नेमकं काय करतो ते बघू. रोबोच्या पोटातला कचरा तो ओढून एका पिशवीत भरतो. रोबोच्या खाली लावलेली फडकी पाण्यानं धुतो, महागड्या मॉडेलांत गरम पाण्यानं. मग गरम हवा सोडून ती वाळवतो. त्याच्यात दोन टाक्या असतात, साधारण तीन-चार लिटरच्या: एक स्वच्छ पाण्याची, एक गढूळ पाण्याची. इथवर सगळं जाहिरातीत असतं.

जाहिरातीत नसतं ते असं. गढूळ पाण्याची टाकी तुम्ही ओतायची असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती दोन दिवस तशीच राहिली तर झाकण उघडताच नाकाला रुमाल लावावा लागतो. फोडणीचं तेल, पायाची धूळ, केस आणि साबणाचं पाणी एकत्र मुरलेलं असतं. फडकी धुतली जातात त्या खालच्या ट्रेमध्ये राखाडी गाळ साचतो. तो दर आठवड्याला जुन्या टूथब्रशनं घासावा लागतो, नाहीतर स्वच्छ झालेलं फडकं त्याच गाळावर टेकून घरभर फिरतं. मुख्य ब्रशच्या दोन्ही टोकांना, जिथे तो खाचेत बसतो तिथे, केस गुंडाळले जातात. वरून दिसत नाहीत. टोपण काढलं की करकचून आवळलेलं केसांचं कडं हाताला लागतं आणि ते कात्रीनंच काढावं लागतं. फिल्टर झटकायचा, धुण्याजोगा असेल तर धुऊन पूर्ण एक दिवस वाळवायचा (म्हणून दोन फिल्टर ठेवायचे). सेन्सर कोरड्या फडक्यानं पुसायचे. पिशवी भरली की बदलायची.

रोज पाच मिनिटं आणि आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं, एवढंच हे काम. कंबर मोडत नाही. पण हे काम कोणाच्या नावावर आहे? माझ्याकडे अशी पत्रं बऱ्याचदा येतात, आणि त्यांत एक गोष्ट सारखी दिसते: यंत्र घरात आणण्याचा उत्साह एकाचा असतो आणि दोन महिन्यांनी त्याची टाकी ओतत असते दुसरीच. तुमच्या यजमानांनी मॉडेल निवडलंय, उत्तम. आता त्यांच्याशी स्पष्ट बोलून घ्या की गढूळ पाण्याची टाकी आणि रविवारचा ट्रे हे त्यांचं खातं. हे मान्य असेल तर पुढचं वाचा. "बघू, कोणीतरी करेल" असं उत्तर आलं तर ६८,००० रुपये तूर्त बँकेतच राहू द्या.

आता हिशोब. मावशींचे महिना १,८०० म्हणजे तीन वर्षांचे ६४,८००, आणि रोबो ६८,०००, म्हणून वसूल, असं तुम्ही मांडलंय. त्यात पिशव्या, फिल्टर, फडकी, बाजूचा ब्रश आणि कंपनीचं साबणाचं द्रावण धरलेलं नाही. वर्षाला पाच हजार धरा, म्हणजे तीन वर्षांचे ८३,००० झाले. मावशींना २,२०० केले तरी त्यांचे ७९,२०० होतात. शिवाय तीन-चार वर्षांनी बॅटरी उतरायला लागते. वीज मात्र नगण्य: रोबोची ५,२०० एमएएचची बॅटरी रोज पूर्ण वापरली तरी महिन्याला दोन-तीन युनिट. डॉकचं गरम पाणी आणि गरम हवा धरून थोडी वाढेल, पण बिल बघून दचकाल असं काही नाही.

मुद्दा हा की पैसे वाचतात म्हणून रोबो घेऊ नका, कारण ते वाचत नाहीत. दांडीच्या दिवशी तुमची चिडचिड होऊ नये, संध्याकाळी बांधकामाची धूळ पुन्हा एकदा निघावी, यासाठी घ्या. त्यासाठी पैसे मोजायला काहीच हरकत नाही. फक्त तो खर्च बचत म्हणून मांडला की मावशींना काढणं भाग पडल्यासारखं वाटायला लागतं. मावशींकडे मी शेवटी येते.

मॉडेल बघण्याआधी घर बघा. हातात टेप घ्या. लायडारवर, म्हणजे लेझर किरणांनी अंतर मोजत, चालणाऱ्या रोबोच्या डोक्यावर छोटा मनोरा असतो आणि त्याची उंची दहा सेंटिमीटरच्या आसपास जाते. सोफा, दिवाण, मुलाचा पलंग, टीव्हीचं युनिट, प्रत्येकाच्या खाली किती जागा आहे ते मोजा. नऊ सेंटिमीटर असेल तर तिथली धूळ रोबोच्या नशिबात नाही. मनोरा आत ओढून घेणारी ठेंगणी मॉडेलं मिळतात, पण महाग. मग उंबरे. साधारण रोबो दोन सेंटिमीटरपर्यंतची चढण पार करतो. आपल्याकडे बेडरूमच्या दाराशी ग्रॅनाइटची पट्टी असते ती बहुधा निघते. ड्राय बाल्कनीची आणि बाथरूमची पायरी निघत नाही. म्हणजे बाल्कनी पुसायला माणूस लागणारच, आणि तुमच्याकडे सगळ्यात जास्त धूळ बाल्कनीतून येते.

फरशीचा रंगही बघा. रोबोच्या पोटाखाली इन्फ्रारेड सेन्सर असतात. किरण परत आला तर जमीन आहे, नाही आला तर खाली जिना आहे असं समजून तो मागे फिरतो. काळा ग्रॅनाइट किंवा कडप्पा हा किरण नीट परत पाठवत नाही. त्यामुळे काळ्या पट्टीपुढे रोबो थबकतो आणि पलीकडची खोली कोरडीच राहते. तुमच्या हॉलमध्ये गडद रंगाची डिझाइन असेल तर विकत घेण्याआधी हा प्रश्न दुकानदाराला जरूर विचारा, आणि जमलं तर प्रात्यक्षिक घरी मागा. काही कंपन्या देतात.

आणि एक परीक्षा, जिला एक पैसाही लागत नाही. आठवडाभर रोज ऑफिसला निघताना फरशीवर काय काय पडलंय ते लिहून काढा. चार्जरच्या वायरी, मोजे, लेगो, पायपुसणी, दप्तराचा लोंबणारा पट्टा, सासूबाईंचा पाट, देवघरापुढची रांगोळी. रोबोसाठी हे सगळं रोज उचलावं लागेल. रांगोळीवरून तो गेला तर पांढरी वाट थेट बेडरूमपर्यंत काढतो, आणि पुसताना तिचा चिखल होतो. देवघरापुढचा भाग अॅपमध्ये नो-गो झोन म्हणून आखून टाकता येतो, तो पहिल्याच दिवशी आखा. सासूबाईंच्या सोवळ्याचाही प्रश्न तिथेच मिटेल. पण मोजे आणि लेगो अॅपमध्ये आखता येत नाहीत. ज्या घरात रोज फरशी मोकळी करून निघायची सवय लागते तिथे रोबो टिकतो. बाकीच्या घरांत तो काही महिन्यांनी टीपॉयखाली जाऊन बसतो. मुलाच्या वयाचा विचार करता ही सवय लावायचं काम त्याच्याकडे देता येईल. रोबोसाठी रस्ता मोकळा करायला मुलं आईपेक्षा उत्साहानं तयार होतात, निदान पहिले काही आठवडे.

आकड्यांबद्दल. सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला आकडा सक्शनचा, म्हणजे धूळ ओढण्याच्या ताकदीचा असतो, पास्कल या एककात. पाच हजार, दहा हजार, वीस हजार, दर वर्षी वाढतोच आहे. तुमच्याकडे विट्रिफाइड टाइल्स आहेत, गालिचा एकही नाही. गुळगुळीत फरशीवरची धूळ उचलायला पाच-सहा हजारही पुरतात. त्यावरचा आकडा मुख्यतः जाड गालिच्यांसाठी कामाचा. त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

पैसे मोजायचे ते चार गोष्टींसाठी. पहिली, लायडार. पंधरा हजारांखालचे बरेच रोबो अंदाजानं फिरतात, एकच कोपरा तीनदा झाडतात आणि एक खोली विसरतात. लायडारवाला घराचा नकाशा काढतो, ओळीनं फिरतो, बॅटरी संपली तर चार्ज होऊन उरलेल्या जागी परत जातो. दुसरी, केस न गुंतणारा ब्रश, म्हणजे रबरी किंवा निमुळता. घरात दोघींचे लांब केस आहेत असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा याला पर्याय नाही. तिसरी, फडक्याचा प्रकार. स्वस्त रोबोमागे एक ओलं फडकं नुसतं फरफटत जातं. त्यानं धूळ टिपली जाते, पण वाळलेला चहाचा थेंब तसाच राहतो. गोल फिरणारी दोन फडकी किंवा सतत धुतला जाणारा रोलर दाबून पुसतो, डाग निघतो. चौथी, फडकी धुणारा आणि वाळवणारा डॉक.

इथे माझं मत बाजाराच्या उलट आहे. मधल्या किमतीच्या मॉडेलांत कंपन्या कचरा आपोआप रिकामा करणारा डॉक देतात आणि फडकं धुणं तुमच्यावर सोडतात. दोन बेडरूमच्या घरात कचऱ्याचा डबा रिकामा करायला अर्धं मिनिट लागतं. त्यासाठी हजारो रुपये आणि वर्षभराच्या पिशव्या कशाला? शिवाय तो कचरा ओढताना काही सेकंद मिक्सर लावल्यासारखा आवाज होतो. आपल्या घरांत फरशी रोज पुसली जाते. परदेशातल्या गालिच्यांच्या घरांसाठी बनलेल्या यंत्रांना हे उशिरा कळलं. आपल्याकडे अडचण फडक्याची आहे. एकाच फडक्यानं तीन खोल्या पुसल्या तर तिसऱ्या खोलीत ते फक्त मळ पसरवतं, मग ते रोबोचं असो की मावशींच्या बादलीतलं. धुणारा डॉक दर काही चौरस मीटरनंतर किंवा दर खोलीनंतर रोबोला परत बोलावून फडकं धुतो. तुमच्या घरासाठी जास्तीचे पैसे कुठे मोजायचे तर इथे. आणि गरम हवेनं वाळवण्याची सोय हवीच. पावसाळ्यात ओलं फडकं डॉकमध्ये रात्रभर राहिलं तर दुसऱ्या दिवशी घराला कुबट वास येतो आणि तो उदबत्तीनं जात नाही.

हे सगळं बसणारा डॉक साधारण ४० हजारांपासून पुढे मिळतो, सेलमध्ये थोडा खाली. तुमच्या यजमानांनी निवडलेल्या ६८ हजारांच्या मॉडेलात याशिवाय काय आहे ते ओळीनं लिहून काढा. बहुधा सक्शनचा मोठा आकडा, कॅमेरा आणि कोपऱ्याकडे बाहेर सरकणारं फडकं असेल. यातलं शेवटचं कामाचं आहे, कारण सासूबाई अगदी बरोबर बोलल्या आहेत. गोल यंत्राला काटकोनात शिरता येत नाही. बाहेर सरकणारं फडकं कडेपर्यंत पोचतं, पण नेमक्या कोपऱ्यात, दाराच्या मागे आणि कमोडच्या बाजूला हातच लागतो.

कॅमेऱ्याचं तुम्हीच ठरवा. वायर, मोजे, कुत्र्याची घाण ओळखून बाजूनं जायला त्याची मदत होते. पण तो घरभर फिरणारा कॅमेरा आहे हेही लक्षात असू द्या. आयरोबॉट या अमेरिकन कंपनीनं रूंबा या तिच्या रोबोची चाचणीसाठीची यंत्रं काही लोकांना दिली होती. त्यांनी टिपलेले घरातले अत्यंत खासगी फोटो पुढे फोटोंना लेबलं लावणाऱ्या कंत्राटी कामगारांकडून समाजमाध्यमांवर गेले, हे २०२२ मध्ये उघड झालं. ती विकायची यंत्रं नव्हती आणि लोकांनी संमती दिली होती, तरी फोटो फुटलेच. २०२४ मध्ये अमेरिकेत इकोव्हॅक्स या चिनी कंपनीचे काही रोबो हॅक झाले आणि त्यांच्या स्पीकरमधून घरातल्या माणसांना शिव्या ऐकू आल्या. मुलगा आणि म्हातारी माणसं असलेल्या घरात मी कॅमेऱ्याविना लायडारवालाच घेईन आणि वायरी उचलीन. घेतलाच कॅमेरावाला, तर पासवर्ड वेगळा आणि लांब ठेवा, अॅपमधलं "दूरून बघा" बंद करा, आणि बेडरूममध्ये तो दिवसा, रिकाम्या वेळीच जाऊ द्या.

पाण्याचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, पण तुमच्या भागात माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून एक दिवसाआड पाणी आहे, आणि बऱ्याच सोसायट्या टँकर आणि बोअरवर चालतात. ते पाणी जड असतं. बाथरूमच्या नळावर जो पांढरा थर बसतो, तोच डॉकच्या बारीक नळ्यांत आणि रोबोच्या पाणी सोडणाऱ्या छिद्रांत बसतो. काही महिन्यांनी फडकं एका बाजूला कोरडं राहायला लागतं आणि गरम पाणी करणारा भाग तर आधी मार खातो. महापालिकेचं पाणी येतं त्या दिवशी एक कॅन भरून ठेवा आणि टाकीत तेच वापरा. आणि कृपा करून आरओचं वाया जाणारं पाणी टाकू नका. बादलीनं फरशी पुसायला ते चालतं, बऱ्याच घरांत वापरतातही, पण गाळून काढलेले सगळे क्षार त्यात एकवटलेले असतात. यंत्राच्या नळ्यांसाठी त्याहून वाईट पाणी घरात दुसरं नाही.

तसंच फिनाईल. सासूबाईंना फिनाईलचा वास आल्याशिवाय फरशी पुसल्यासारखी वाटणार नाही, हे मला न सांगताच कळतं. पण फिनाईल, ब्लीच, मीठ यातलं काहीही टाकीत घालू नका. रबरी वॉशर आणि पंप खराब होतात, आणि त्या कारणानं वॉरंटी नाकारली जाते. कंपनीचं द्रावण महाग वाटलं तर नुसतं पाणी वापरा. फिनाईल बाथरूमपुरतं राहू द्या.

स्वयंपाकघरासाठी एक सूचना. अॅपमध्ये खोल्यांचा क्रम ठरवता येतो. स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी ठेवा, नाहीतर ओट्यासमोरचं तेल फडक्यावर बसून हॉलमध्ये येतं. आणि ओला कचरा रोबोला ओढू देऊ नका. कोथिंबिरीची ओली पानं, सांडलेलं ताक, भिजलेला भात आत गेला की फिल्टर भिजतो, पिशवीत बुरशी धरते. ओलं सांडलं की हातानंच पुसायचं. सुक्या तांदळाची मूठ सांडली तर बेशक सोडा त्याला.

डॉक कुठे ठेवणार हेही आधी ठरवा. तो बऱ्यापैकी उंच आणि रुंद असतो, टाक्या बहुतेक मॉडेलांत वरून निघतात, म्हणजे डोक्यावर मोकळी जागा हवी. कपाटाच्या फळीखाली तो बसेल, टाकी निघणार नाही. समोर रोबोला वळायला जागा हवी. भिंतीतला प्लग जवळ हवा, एक्स्टेंशनची वायर तो स्वतःच ब्रशमध्ये ओढून घेईल. ड्राय बाल्कनीत ऊन-पाऊस येतो, आणि ती पायरी आहेच मधे. बहुतेक फ्लॅटमध्ये शेवटी तो हॉलच्या कोपऱ्यात येतो. हॉलमध्ये तो तुम्हाला बघवणार आहे का, हा प्रश्न आत्ताच विचारून घ्या.

कंपनी कोणती? शाओमी, ड्रीमी, इकोव्हॅक्स, आपल्याकडच्या युरेका फोर्ब्स आणि मिलाग्रो, सगळ्यांची बरी-वाईट मॉडेलं आहेत आणि ती वर्षभरात बदलतात, त्यामुळे मी नाव सांगून तुमची दिशाभूल करणार नाही. त्याऐवजी तीन गोष्टी तपासा. पुण्यात सर्व्हिस सेंटर आहे का, आणि ते घरी येतात की यंत्र कुरिअर करायला लावतात. तुमच्याच मॉडेलची फडकी, ब्रश, फिल्टर, बॅटरी आज भारतात विकत मिळतात का; नुसतं "मिळतील" नको. आणि इंटरनेट बंद असताना यंत्रावरचं बटण दाबून ते घर झाडतं का. हा शेवटचा प्रश्न विक्षिप्त वाटेल. पण २००२ मध्ये रूंबा आणून घरोघरी रोबो पोचवणाऱ्या आयरोबॉटनंच २०२५ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. एवढ्या नावाजलेल्या कंपनीची ही गत होऊ शकते, तर उद्या कोणाचंही अॅप बंद पडू शकतं. बटणावर चालणारं यंत्र निदान केर तरी काढेल. बिल पक्कं घ्या, विक्रेता अधिकृत आहे का बघा. पुढे वॉरंटीवरून टोलवाटोलवी झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

सासूबाईंची दुसरी शंका कोपऱ्यांपेक्षा गंभीर आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या पायात दहा सेंटिमीटर उंचीचं फिरतं यंत्र आलं तर खरंच पडायला होतं, आणि ७१ व्या वर्षी पडणं म्हणजे हाड मोडण्याची भीती. शिवाय पुसल्यावर फरशी काही मिनिटं ओली असते. म्हणून वेळ त्यांच्या दिनक्रमावरून ठरवा: त्या दुपारी आडव्या होतात तेव्हा किंवा देवळात जातात तेव्हा. त्या खोलीत असताना ती खोली वगळायची. यंत्र थांबवायचं बटण कोणतं ते त्यांना दाखवा आणि त्यावर लाल टिकली चिकटवा. मोबाइलच्या अॅपवर त्यांना अवलंबून ठेवू नका. त्यांना वाकावं लागता कामा नये, त्यामुळे डॉकवरच थांबवण्याचं बटण असलेलं मॉडेल मिळालं तर ते घ्या.

आता मावशी. "थांबवलं तर चालेल ना?" असं तुम्ही विचारलंत, म्हणजे तुम्हालाही ते पुरतं पटलेलं नाही. मी पाप-पुण्यात शिरत नाही. व्यवहारच बघू. रोबो आल्यावर माणसासाठी काय उरतं? बाल्कनी, बाथरूम, कोपरे, पलंगाखालची अरुंद जागा, खिडक्यांच्या खाचा, पंखे, जाळ्या, ओट्याखालचं तेलकट. हे सगळं आजही होत नसेल, कारण मावशींचा सगळा वेळ रोजच्या केर-फरशीत जातो. त्यांना आठवड्यातून तीन दिवस बोलवा, काम वरचं द्या, आणि पगार आहे तेवढाच ठेवा. तुमची दांड्यांची तक्रार बरीचशी आपोआप मिटेल. तीन दिवसांत एखादा दिवस पुढे-मागे झाला तरी रोबो असतोच. त्यांना उरलेल्या दिवसांत दुसरं घर धरता येईल, म्हणजे पगारवाढ त्यांनाही मिळाली. हा प्रस्ताव त्यांच्यापुढे मांडा आणि त्या काय म्हणतात ते ऐका. त्यांच्या दांड्या कशामुळे होतात हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. विचारून बघितलंय का? ठरलेली साप्ताहिक सुट्टी आजवर दिलेली नसेल, तर त्या ती स्वतःच घेत असतील.

तरीही थांबवायचंच ठरलं, तर निदान एक महिना आधी सांगा, महिन्याचा पगार आणि दिवाळीचा बोनस हातावर ठेवा, आणि सोसायटीच्या ग्रुपवर दोन घरं शोधून द्या. खोका घरात आलेला बघून त्यांना कळावं, हे मात्र होऊ देऊ नका. आणखी एक, जे काढण्याशी संबंधित नाही: महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे आणि त्याखाली कल्याण मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या कामगारांना तिथे नोंदणी करता येते. मावशींची नोंदणी झाली आहे का विचारा. कागद भरायला मदत लागते आणि ती तुम्ही करू शकता.

राहिला सेल. दिवाळीच्या सेलमध्ये भाव खरोखर उतरतात, तेव्हा घ्यायला हरकत नाही, पण ऑर्डर अशी द्या की यंत्र आल्यावर आठवडाभर तुम्ही घरी असाल. परत करायची मुदत घरी पोचल्या दिवसापासून मोजतात. फराळाच्या गडबडीत खोका तसाच कपाटावर गेला आणि तुम्ही भाऊबीजेला माहेरी गेलात, तर दोष कळेपर्यंत मुदत संपलेली असते. आल्याबरोबर पहिल्या दोन दिवसांत मुद्दाम त्रास द्या त्याला: चहाचा थेंब वाळू द्या आणि निघतो का बघा, सोफ्याखाली अडकतो का बघा, काळ्या पट्टीवर थबकतो का बघा, वाय-फाय बंद करून बटण दाबून बघा, फडकं धुतल्यावर हात लावून ते खरंच वाळतं का बघा. राउटर नुसता ५ गिगाहर्ट्झवर असेल तर बहुतेक रोबो जोडले जात नाहीत, त्यांना २.४ लागतं, पहिल्या दिवशीचे निम्मे "यंत्र बिघडलंय"चे फोन एवढ्याच कारणानं होत असावेत.

खोका आणि थर्माकोल परतीची मुदत संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. बिल वॉरंटी संपेपर्यंत जपा, आणि त्याचा फोटो काढून यजमानांच्या मोबाइलवरही पाठवा. टाकीबरोबर तेही त्यांच्याच खात्यात असू द्या.